चितळाचा शॉट हुकला? मग हे करा

माझ्याकडे एक फोटो आहे. त्यात गवताचं एक पातं इतकं झकास आलंय की त्यावरचे दवाचे तीन थेंब मोजता येतात. पात्याच्या मागे तपकिरी ढग आहे, ढगावर पांढरे ठिपके. तो ढग म्हणजे कऱ्हांडल्याच्या जंगलात रस्त्याच्या अगदी कडेला उभा असलेला, पूर्ण वाढलेल्या शिंगांचा चितळ नर.

त्या सकाळी मी त्याचे त्र्याऐंशी फोटो काढले. एकही धड नाही. आदल्या संध्याकाळी आत्येभावाच्या लग्नात फोटो काढले होते आणि शटर स्पीड तिथलाच, १/६० वर राहिला होता. ते एकवेळ चाललं असतं. पण फोटो हुकलाय हे कळल्यावर मी मान खाली घालून स्क्रीनमध्ये डोकं खुपसलं, आणि तेवढ्यात तो नर रस्त्यावर आला, मधोमध थांबला, आमच्याकडे बघितलं आणि पलीकडे गेला. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी आपल्या चिमुकल्या कॅमेऱ्यावर त्याला निवांत टिपलं. मी त्या वेळी कॅमेऱ्याचं आयएसओ सेटिंग बघत होते.

ही चूक बहुतेक सगळे नवखे करतात. म्हणून हे लिहितेय. नागपुरात नवीन आला असाल, हातात पहिली मोठी लेन्स आली असेल आणि पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला किंवा ताडोबाच्या वाऱ्या सुरू करणार असाल, तर हे तुमच्यासाठी.

इथे शॉट म्हणजे फक्त कॅमेऱ्याचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि कायद्यातली शिकारीची व्याख्याही मोठी आहे. जनावर हाकणं, त्याचा पाठलाग करणं, फास लावणं, आमिष दाखवणं, यातला नुसता प्रयत्नसुद्धा त्यात येतो. पुढे चौथ्या पायरीवर याची आठवण होईल. जुन्या शिकाऱ्यांचं एक शिक्षण मात्र आपल्याला जसंच्या तसं उपयोगी पडतं. नेम चुकला की जागचं हलायचं नाही, जनावर कुठे गेलं ते बघत राहायचं.

निघण्याआधी जवळ काय हवं

- बुकिंगची छापील प्रत आणि बुकिंग करताना जे ओळखपत्र दिलं तेच मूळ ओळखपत्र. झेरॉक्सवर अडवतात. सोबतच्या प्रत्येकाचंही हवं.
- कॅमेऱ्याचं किंवा मोठ्या लेन्सचं शुल्क वेगळं लागू शकतं. पावती घ्या आणि गाडीतच ठेवा.
- दोन बॅटऱ्या. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या जिप्सीत थंडीने बॅटरी लवकर उतरते. सुटी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.
- वेगवान मेमरी कार्ड. याचं कारण सहाव्या पायरीवर.
- रिकामी बीन बॅग. आत तांदूळ भरा. जिप्सीच्या दांड्यावर लेन्स टेकवायला याहून चांगलं काही नाही. ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत तो फक्त दुसऱ्यांच्या पोटऱ्यांना लागतो.
- सुती ओढणी किंवा दुपट्टा. पुढच्या गाडीची धूळ लेन्सवर बसते, ती अडवायला. उन्हाळ्यात डोक्यालाही होतो.
- मळकट हिरवे-तपकिरी कपडे. लाल-पिवळं नको.

मोबाईल गेटवर जमा करावा लागेल किंवा बंद ठेवावा लागेल, तेव्हा बुकिंग मोबाईलमध्येच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साप्ताहिक सुट्टीचा वार प्रत्येक जंगलाचा वेगळा असतो. पावसाळ्यात साधारण जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद असतं. एकदा आम्ही चौघं पहाटे साडेतीनला नागपुरातून निघालो आणि गेटवर कळलं, आज सुट्टी. परत येताना तर्री पोहे खाल्ले, तेवढीच त्या दिवसाची कमाई.

१. गाडीत बसतानाच सांगा की हरीण हवंय

हे खरं तर शॉट हुकण्याच्या आधीचं, पण इथे चुकलात तर पुढचं काहीच करता येत नाही. गाईड आणि ड्रायव्हर धरूनच चालतात की आलेल्या माणसाला वाघ बघायचाय. चितळांचा कळप दिसला की गाडी जराशी हळू होते आणि पुढे जाते. तुम्ही कॅमेरा उचलेपर्यंत वळण आलेलं असतं.

मी पेंचच्या सिल्लारी गेटला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा गाईड दादा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "हरणासाठी काहून पैसे घालवता जी? थे तं मनसरच्या रोडवर बी दिसते." मग हसले आणि त्या दिवशी त्यांनी आम्हाला एका बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठी पाऊण तास बसवलं. वाघ नाही दिसला. मोहाच्या फुलांसाठी एकमेकांना ढुशा देणारे दोन नर दिसले.

गाडीत अनोळखी मंडळी असतील तर त्यांनाही आधीच विचारा. सहा जणांत एकटा हरीणवाला म्हणजे भांडणाला निमंत्रण. जमल्यास समविचारी चौघं शोधून पूर्ण गाडी घ्या.

२. शॉट हुकला: मान वर ठेवा

फोटो हुकल्याचं आपल्याला बहुतेक वेळा क्लिक करतानाच कळतं. लेन्स पुढे-मागे करत राहते, फोकस बसत नाही. याला कॅमेरेवाले लेन्सचं हंटिंग म्हणतात. शिकारीला बंदी असलेल्या जंगलात तेवढी एक शिकार रोज चालते.

अशा वेळी डोळा व्ह्यूफाइंडरलाच ठेवा. स्क्रीन बघायची नाही. तुमच्या कॅमेऱ्यात फोटो काढल्यावर तो आपोआप स्क्रीनवर दिसत असेल तर ती सोय मेनूत जाऊन बंदच करून टाका. लेन्स खाली आणू नका, उभे राहू नका, सोबत्यांना "आला का रे?" विचारू नका. मनात तीस आकडे मोजा.

कारण दचकलेलं हरीण सहसा एका दमात नाहीसं होत नाही. थोडं पळतं, थांबतं, मान वळवून कशाला घाबरलो ते बघतं. हा क्षण पहिल्यापेक्षा चांगला असतो. अंग तिरकं, मान वळलेली, दोन्ही कान पुढे, डोळा थेट लेन्सकडे. रोह्याचं, म्हणजे नीलगायीचं, तर हे ठरलेलंच. धाडधाड पळणार आणि शेताच्या बांधावर जाऊन वळून बघणार.

चितळांच्या कळपात आणखी एक गोष्ट. एक मादी रस्ता ओलांडून गेली की नवखा माणूस "गेलं!" म्हणून कॅमेरा ठेवतो. मागे कळप उरलेला असतो. मोठा नर पुष्कळदा शेवटी येतो. गाईड दादांनी मला त्या दिवशी हळूच सांगितलं होतं, "भाऊकडे नका पाहू, खाली बी नका पाहू. नर मांगंच रायते." भाऊ म्हणजे आमचा ड्रायव्हर, जो मला काचेतून पुढे कुठे कबुतर दाखवत होता.

३. शेपटी, कान आणि पुढचा पाय बघा

तीस आकडे मोजताना नुसतं बसू नका. थांबायचं की निघायचं, हे हरीणच सांगतं.

शेपटी खाली, कान इकडेतिकडे हलताहेत, तोंड चालू आहे: त्याला तुमची पर्वा नाही. गाडी शांत राहिली तर ते पुन्हा चरायला लागेल. थांबा.

शेपटी उभी, खालचा पांढरा भाग दिसतोय, मान ताठ, पुढचा पाय जमिनीवर आपटतंय, आणि नजर तुमच्याकडे नसून झाडीकडे आहे: तिथे काहीतरी आहे. वाघ, बिबट किंवा रानकुत्री. मग चितळाचा तो कर्कश, तुटक आवाज येतो. झाडावरून वानर खकारायला लागलं तर आणखी पक्कं. चितळ आणि वानर एकमेकांच्या आसपास असतात. वानरांनी पाडलेला पाला चितळ खातात, आणि वानर उंचावरून जे बघतं त्याची खबर चितळाला फुकट मिळते. अशा वेळी सगळी गाडी वाघ शोधायला लागते. तुम्ही चितळावरच कॅमेरा ठेवा. ताणलेल्या चितळाचा फोटो रोज मिळत नाही.

कळप एका दमात, न थांबता, झाडीत घुसला: सोडून द्या.

सांबराचा हिशेब निराळा. ते आधी दगडासारखं निश्चल उभं राहतं, मग एकदम धडपडत जातं. ते मुळात संध्याकाळचं, रात्रीचं जनावर. एकदा गेलं की त्या फेरीत परत दिसण्याची आशा कमी, पण दिवस कलताना पाणवठ्यावर त्याची वाट बघणं शहाणपणाचं. भेकराचं तर नावच नको. एवढंसं अंग, एकटं फिरणारं, एक उडी आणि संपलं. माझ्याकडे भेकराच्या पाठीचे सात फोटो आहेत.

४. गाडीला काय सांगायचं आणि काय अजिबात नाही

सांगायचं ते एकच. "भाऊ, गाडी बंद करा." इंजिन चालू असलेल्या जिप्सीचा दांडा थरथरतो, ती थरथर ४०० एमएमच्या लेन्समध्ये कित्येक पट होऊन दिसते. डोळ्याला जाणवतही नाही.

काय सांगायचं नाही ते जास्त महत्त्वाचं:

- "जरा पुढून घाला." कळपाची वाट अडते.
- "रिव्हर्स घ्या, परत बघू." मागे दुसऱ्या गाड्या असतात, आणि कळपाचा उरलेला भाग अजून ओलांडायचा असतो.
- शुक-शुक, टाळी, शिट्टी, दांड्यावर टकटक. हरणाने बघावं म्हणून लोक हे सर्रास करतात. हरीण बघतं, मग जातं.
- "एक मिनिट खाली उतरतो." अजिबात नाही. तुमच्यासोबत गाईडलाही भोवतं.
- फ्लॅश. नाही.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात वाघीण आणि तिच्या पिल्लांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरलं होतं. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले, चालक-गाईडांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तिथे वाघीण होती म्हणून गाजलं. हरणाच्या कळपाला आपण रोज असंच घेरतो, त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. आणि गाड्या पुढे घ्यायला सांगणारे मागच्या सीटवरचे असतात, नोकरी जाते ती पुढच्यांची.

गाळलेलं शिंग दिसलं तरी उचलू नका. चितळ-सांबरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, त्यामुळे जंगलात ती पडलेली असतात. "पडलेलंच तर आहे" हे उत्तर वनरक्षकासमोर चालत नाही.

५. हरीण गेलंच तर: तळहाताचा फोटो

थांबून झालं, ते आलं नाही. आता कॅमेरा खाली घ्या आणि स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढा. हसू नका. घरी आल्यावर सहाशे फोटोंत कोणता प्रसंग कुठे संपला हे त्या तळहातावरून लगेच कळतं. हुकलेल्या प्रसंगानंतर मी दोन बोटं दाखवते, जमलेल्यानंतर पूर्ण पंजा.

मग फक्त तीन गोष्टी तपासा: शटर स्पीड, आयएसओ आणि फोकसचा बिंदू कुठे सरकलाय ते. अंगठा लागून तो बिंदू कोपऱ्यात गेलेला असतो, हे माझ्या बाबतीत इतक्यांदा झालंय की आता आधी तेच बघते.

गाडीत बसून फोटो उडवू नका. त्या छोट्या पडद्यावर उन्हात काहीही नीट दिसत नाही, आणि हिसक्यात चांगलाच उडतो. कार्ड भरत आलं असेल तर दुसरं घाला.

६. घरी: नेमकं कशामुळे हुकलं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि लोक हाच टाळतात. हुकलेले फोटो बघायला नको वाटतं, म्हणून एका फटक्यात सगळे डिलीट. तसं करू नका. हुकलेल्या प्रसंगातले पाच-सहा फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे करून, शंभर टक्क्यांवर, शांतपणे बघा. प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते.

*दुसरंच काहीतरी स्पष्ट आलंय.* पुढचं गवत किंवा मागचं सागाचं खोड लख्ख, हरीण धूसर. ही फोकसची चूक. कॅमेऱ्याला सगळे बिंदू मोकळे दिले की तो जवळचं पकडतो, आणि आपल्या जंगलात जवळ कायम गवतच असतं. मधला एकच बिंदू ठेवा आणि तो डोळ्यावर न्या. तुमच्या कॅमेऱ्यात प्राण्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर उघड्यावर ती वापरा; दाट झुडपात माझा तरी तिच्यावर विश्वास नाही. किती काटेकोर राहावं लागतं याचा अंदाज देते. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा, ४०० एमएम, अॅपर्चर एफ ५.६, हरीण २० मीटरवर: पुढे-मागे मिळून जेमतेम अर्धा मीटर स्पष्ट येतं. तेच १० मीटरवर असेल तर १४ सेंटीमीटर. एक वीतही नाही. म्हणजे खांद्यावर फोकस केला तर डोळा गेला.

*सगळंच एका दिशेला फरफटलंय.* हरीण, झाड, गवत, सगळ्याला सारखीच शेपूट. हा हात हलला किंवा गाडी हलली. इंजिन बंद होतं का? बीन बॅग होती का? लेन्सवरचं स्टॅबिलायझरचं बटण बॅगेत घासून बंद झालं होतं का?

*झाड स्पष्ट, हरीण पुसट.* किंवा धड स्पष्ट आणि पाय पुसट. इथे हरणाचा वेग तुमच्या शटरला भारी पडला. स्टॅबिलायझर इथे काही करू शकत नाही, तो फक्त तुमचा हात सावरतो. गणित सोपं आहे. हरीण ताशी ३६ किलोमीटरने पळतंय असं धरा, म्हणजे सेकंदाला १० मीटर. १/२५० सेकंदात ते ४ सेंटीमीटर सरकलं. १/१००० ला १ सेंटीमीटर. १/२००० ला अर्धा. पळणाऱ्या हरणाला १/१००० च्या खाली जाऊ नका, चालणाऱ्याला १/५०० पुरतं.

*काहीच स्पष्ट नाही, पाण्यातून पाहिल्यासारखं लहरतंय.* वेळ बघा. एप्रिल-मे, सकाळी नऊनंतर? तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आणि लांब लेन्स ती हलती हवाच टिपते. मेमध्ये नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा यावर कोणत्याही सेटिंगचा इलाज नाही, आणि महागड्या लेन्सचाही नाही. मी एकदा लेन्स बिघडली म्हणून सीताबर्डीला दुरुस्तीला नेऊन टाकली होती. त्यांनी आठ दिवस ठेवली, पैसे घेतले आणि काहीतरी केलं. पुढच्या दुपारी फोटो पुन्हा तसेच. लेन्स पहिल्यापासून ठीक होती. तेव्हा आधी पहाटेच्या फोटोंशी ताडून बघा. उन्हात जवळचं जनावर घ्या, लांबचं सोडा.

*पहिले काही फोटो ठीक, मग मधेच खंड, आणि नेमका तेवढ्यात नर उडी मारून गेला.* कॅमेऱ्याचा बफर भरला. बोट दाबून ठेवलं की कॅमेरा आधी पोटात फोटो साठवतो आणि मग कार्डावर उतरवतो. कार्ड हळू असलं की तो अडतो. चार-पाच फोटोंच्या छोट्या फैरी झाडा. आणि म्हणूनच वेगवान कार्ड.

*फोटो स्पष्ट, पण ठिपके पांढरेफटक किंवा सांबर काळा गोळा.* सागाच्या सावलीत कवडसे पडलेले असतात आणि कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर गोंधळतो. काळ्या झाडीपुढे उन्हात उभं असलेलं चितळ असेल तर एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली घ्या. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलं असेल तर सावलीतलं बरंच परत आणता येतं. जळालेला पांढरा परत येत नाही.

*सगळं बरोबर, आणि तरी हरणाचा पार्श्वभाग.* ही उशिरा दाबल्याची चूक. यावर उपाय दुसऱ्या पायरीत आहे.

वहीत तारीख, जंगल, वेळ आणि वरीलपैकी एक कारण लिहून ठेवा. पाच फेऱ्यांनंतर कळतं की आपण एकच चूक पुन्हा पुन्हा करतोय. माझी वही उघडली तर निम्म्याहून जास्त ओळींत एकच शब्द आहे: गवत.

७. पुढच्या फेरीची मांडणी

पहाटे गेट उघडताना उजेड कमी असतो. तिथे १/१००० चा हट्ट धरला तर आयएसओ आभाळाला जातो. सुरुवातीला उभी, चरणारी हरणं घ्या: १/२५०, बीन बॅगवर टेकून, इंजिन बंद. ऊन झाडांच्या शेंड्यावरून खाली आलं की १/१००० वर या. हा बदल विसरू नये म्हणून मी पहिला चहा आणि शटर यांची गाठ बांधून ठेवलीय. थर्मास उघडला की चाकही फिरवायचं.

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा. कॅननवर त्याला एआय सर्वो किंवा नुसतं सर्वो म्हणतात, निकॉन-सोनीवर एएफ-सी. जमलं तर फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर द्या. सवय व्हायला दोन फेऱ्या लागतात, त्या दोन फेऱ्यांत आणखी काही शॉट हुकतील. पण मग गवत मधे आलं की अंगठा उचलायचा, फोकस तिथेच थांबतो.

लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवायचं बटण असेल तर जवळचं अंतर बंद करून टाका. लेन्सचं निम्मं हंटिंग तिथेच थांबतं.

८. फोटोऐवजी दुसरंच काही दिसलं तर

थांबून, निरखून बघायची सवय लागली की हेही दिसायला लागतं. पायात तारेचा फास अडकलेलं हरीण, लंगडणारं पिल्लू, रस्त्यावर गाडीने उडवलेलं चितळ. जबलपूरच्या महामार्गावर पेंचच्या पट्ट्यात प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून मोठे पूल बांधलेत, पण बाकीच्या बहुतेक रस्त्यांवर ती सोय नाही.

जंगलाच्या आत असाल तर गाईडला दाखवा, जागेची खूण लक्षात ठेवा, एक फोटो काढा आणि बाकी त्यांच्यावर सोडा. बाहेर असाल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जखमी हरणाला उचलून गाडीत घालू नका. हरणं धरपकडीच्या नुसत्या भीतीनेही मरू शकतात, जखम किरकोळ असली तरी. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथवर न्यायचं काम वनविभागाची माणसं करतात. हरीण जिथे सापडलं त्या जागेचा नेमका पत्ता फोटोसकट इंटरनेटवर टाकू नका, फास लावणारेही इंटरनेट बघतात.

९. जंगलात न जाता सराव

दर रविवारी पेंच परवडत नाही. मला तरी नाही.

गवताआडून फोकस करायचा सराव महाराजबागेत करा. हरणांच्या कुंपणाची जाळी मधे येते, ती म्हणजे हुबेहूब गवतच. एकच बिंदू जाळीच्या भोकातून डोळ्यावर बसवायचा. पन्नासातले चाळीस जमायला लागले की समजा गवताची भीती गेली. गोरेवाड्याच्या सफारीत चितळ, रोही उघड्यावर बघायला मिळतात, तिथे उजेड आणि एक्स्पोजरचा सराव होतो.

वेगासाठी हरीण लागत नाही. फुटाळा तलावावर संध्याकाळी परतणारे बगळे घ्या, किंवा आपल्या गल्लीतली कुत्री. पोळीचा तुकडा टाकला की ती १/१००० च्या खाली थांबत नाहीत. शेजारी विचारतात, हे काय चाललंय. सांगा, चितळ.

आणि लेन्सच्या हूडवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर चार शब्द लिहून ठेवा: इंजिन, शटर, बिंदू, मान. टेप हूडवरच लावा, लेन्सच्या नळीवर नको. मे महिन्यात गोंद वितळतो आणि झूमची रिंग चिकटून बसते.